चार सेकंदांचा खांदा

त्या सिनेमात नायक-नायिका एकमेकांवर जीव टाकतात, कडकडून भांडतात, सात वर्षं एकमेकांची वाट बघतात, आणि अडीच तासांत एकदाही एका चौकटीत येत नाहीत. बघणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. ते येऊ नये हेच तर पट्टीच्या बाबांचं काम होतं. ते त्या सिनेमाचे संकलक होते.

भांडण पोस्टरवरून झालं होतं. कोणाचं नाव आधी, यावर दोघं इरेला पेटले. चित्रीकरण चार दिवसांवर आलेलं, सेट उभे राहिलेले, आणि दोघांनीही निर्मात्याला कळवलं की समोरचं माणूस स्टुडिओत असेल तर आपण गाडीतून खाली पाय ठेवणार नाही. स्टुडिओत सगळे नायिकेला बाई म्हणत आणि नायकाला बुवा. शेवटी तोडगा निघाला तो असा: सकाळी बाई, दुपारनंतर बुवा. बाई पुढच्या दाराने, बुवा मागच्या. मध्ये तासभर सेट रिकामा ठेवायचा, चुकून नजरानजर नको.

बुवांचे संवाद असले की बाईंच्या जागी छत्रीच्या दांड्यावर लांब केसांचा टोप चढवून तो कॅमेऱ्यासमोर धरत. पडद्यावर बुवांचा चेहरा आणि अलीकडे नायिकेचे केस दिसत. दांडा धरून खाली उकिडवी बसायची ती कपडेपटातली एक मुलगी. बुवांनी काही लाघवी विचारलं की ती दांडा हलकेच पुढे झुकवायची, आणि नायिका लाजून होकार द्यायची.

"बुवांनी जन्मात सगळ्यात मनापासून प्रेम केलं ते त्या छत्रीवर," बाबा म्हणायचे.

"छत्री चांगली होती," आई म्हणायची. "उलटं बोलत नव्हती." दांडा धरणारी मुलगी तीच.

बाईंच्या वेळी बुवांच्या जागी उभं राहायला एक माणूस ठरलेला होता. चेहरा काही का असेना, खांदे डिट्टो. पण जहाजाच्या धक्क्यावरच्या निरोपाचा प्रसंग ज्या सकाळी घ्यायचा होता, त्याच सकाळी तो तापाने फणफणला. बाई तयार होऊन बसल्या होत्या. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे खांदा, नुसता बाईंचा चेहरा घेऊ. हे ऐकून बाबा संकलनाच्या खोलीतून तसेच धावत सेटवर आले.

"नुसता चेहरा चालणार नाही. मग ती बोलते कोणाशी, भिंतीशी? मला कडेला चार बोटं तरी खांदा पाहिजे."

"मग तुमचाच द्या की," दिग्दर्शक म्हणाले.

अशा रीतीने बाबा कप्तान झाले. बुवांचा कप्तानाचा कोट त्यांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. कपडेपटातल्या मुलीने तो पाठीमागून चिमटत चिमटत एकोणीस टाचण्या लावून घट्ट केला.

"हलू नका, टोचेल."

"टोचली."

"सांगितलं होतं."

हे त्यांचं पहिलं संभाषण. "मी ह्यांची पाठ आधी पाहिली, तोंड मागाहून," आई ऐकवायची. "उलटं झालं असतं तर विचार केला असता."

टाचण्यांच्या धाकाने बाबा पुतळ्यासारखे उभे राहिले आणि बाई पहिल्याच झटक्यात अशा रडल्या की दिवे सांभाळणारे लोकही नाक पुसायला लागले. बाईंनी डोळे टिपले, आता यापुढे पुन्हा रडणार नाही म्हणाल्या, आणि पुढच्या दाराने निघून गेल्या.

दोन दिवसांनी फिल्म धुऊन आली. बाबांनी ती टेबलावर लावली आणि कपाळावर हात मारून घेतला. कप्तानाच्या उजव्या कानावर पेन्सिल होती. फिल्मवर खुणा करायची पांढरी मेणाची पेन्सिल, बाबा ती सकाळी कानावर खोचत आणि घरी जाईपर्यंत विसरत. ती त्यांच्या कानाचाच भाग झाली होती, म्हणून ती कोणाला दिसली नाही, त्यांना स्वतःलाही नाही. बाईंचे ते डोळे पुन्हा मिळणार नव्हते. बाबांनी तो तुकडा जेवढा लागत होता तेवढाच घेतला. चार सेकंद.

सिनेमा चांगला चालला. पेन्सिलीबद्दल कधी कोणी एक शब्द लिहिला नाही की बोललं नाही. बाबांच्या मनातून मात्र ती गेली नाही. "कप्तान होता की सुतार?" ते मधूनच म्हणायचे, जेवताना, चपला घालताना, कोणी काही विचारलेलं नसताना.

घरात त्याला 'खांद्याचा सिनेमा' म्हणत. पट्टीच्या लहानपणी त्याची कॅसेट होती. वर्षातून दोनदा तरी ती लागायची. धक्क्यावरचा प्रसंग जवळ आला की बाबा उठत आणि पाणी प्यायला आत जात. तहान असो नसो. आई हसू दाबायची. पट्टी मात्र कधी पडद्याकडे बघायची नाही, आत जाणाऱ्या बाबांकडे बघायची. लहान असताना ती संकलनाच्या खोलीत त्यांच्या पायाशी तासन्‌तास बसून असे. कापलेले तुकडे चिमट्यांना लटकत, खाली पांढऱ्या कापडाच्या पिशवीत सळसळत, आणि खोलीला रसायनाचा गोडसर, डोक्यात जाणारा वास असे. हटवलं तरी हटायची नाही म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं चिकटपट्टी. पुढे त्याचं झालं पट्टी. चाळिशी उलटली तरी ती घरात पट्टीच होती.

बाबा जाऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत तिने घरातले सगळे फोटो काढून पाहिले. बाबांचे अकरा निघाले. त्यांतल्या सहांत त्यांनी डोळे मिटलेले. फोनवर त्यांचं काहीच नव्हतं, फोन समोर धरला की ते चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र घेत. कॅसेट वीस वर्षांपूर्वीच यंत्राने गिळली होती. म्हणजे हलते, जिवंत बाबा जगात एकाच जागी उरले होते. त्या चार सेकंदांत खांदा एकदा श्वासाने वर जातो, असं आई म्हणायची. तिने स्वतः तो कधी नीट पाहिलाच नव्हता. आता तिला तेवढंच हवं होतं. एक श्वास.

म्हणून चित्रपट संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा तिने ते उभ्यानेच दोनदा वाचलं. खांद्याचा सिनेमा नव्याने दुरुस्त होत होता. बाबा गेल्या वर्षी त्या कामात सल्लागार होते, त्यांनी एक यादी दिली होती, तिच्याप्रमाणे काम झालं आहे, शेवटच्या कागदावर कुटुंबापैकी कोणीतरी सही करावी. बाबा तिकडे जात होते हे दोघींना ठाऊकच नव्हतं. ते सांगत होते, दाताच्या डॉक्टरकडे जातो.

"तरीच," आई म्हणाली. "एवढे दात होतेच कुठे!"

संग्रहालयाची खोली तळघरात होती, थंड आणि बिनखिडकीची. काम करणारा माणूस पस्तिशीचा, जाड चष्म्याचा, सतत पेपरमिंटची गोळी गालात ठेवून बोलणारा. त्याने आईला काकू म्हणून चांगली खुर्ची दिली आणि पट्टीला पडद्याजवळ बसवलं. बाबांबद्दल तो भरभरून बोलला. एकेक चौकट बघायचे, म्हणाला, जेवायलासुद्धा उठायचे नाहीत.

"धक्क्यावरचा प्रसंग दाखवाल?" तिने विचारलं.

"तोच तर आधी दाखवणार होतो. सगळ्यात कठीण काम तिथेच होतं."

बाई आल्या. इतक्या स्वच्छ, की पापण्या मोजाव्यात. डोळे भरले, ओठ थरथरला, आणि प्रसंग पुढे गेला.

"खांदा कुठे आहे?" ती म्हणाली.

"काढला ना." तो खुशीत होता. "कानावर पेन्सिल होती बघा. ती पुसली तर कान खोटा वाटत होता. मग चौकटच थोडी आत घेतली. काही कळतं का?"

काही कळत नव्हतं. तिने कडेला पाहिलं. तिथे धक्क्यावरचं धुकं होतं.

"तो परत आणा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला.

त्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि फायलीतून एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला. बाबांचं अक्षर. बारीक, उभट, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. चौदा दोष, क्रमांक घालून. पहिला क्रमांक: 'धक्का, निरोप. कप्तानाच्या कानावर पेन्सिल. काढावी. जमत नसल्यास चौकट आत घ्यावी. खांदा गेला तरी चालेल.' खाली सही.

खांदा गेला तरी चालेल. तिने ते वाक्य परत वाचलं.

ती छापखान्यात प्रुफं तपासायची. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती. लेखकाने स्वतःच्या हाताने केलेली शेवटची दुरुस्ती कोणी फिरवत नाही, ही त्या कामातली पहिली शिकवण. लेखक गेल्यावर तर नाहीच. ज्या माणसाने पंचेचाळीस वर्षं एक चूक उराशी धरून ठेवली, आजारी असताना दाताचं निमित्त करून दोन बस बदलून येऊन ती खोडली, त्याची खोडलेली ओळ स्वतःला हवी म्हणून परत लिहायची? तिच्या हातात पेन होतं. एक आडवी रेघ पुरली असती.

"मूळ आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "एकदा बघू दे. मग सही करते."

त्याने मूळ चौकट लावली आणि तिथेच थांबवली. कडेला काळ्या कोटाचा खांदा, मान, कान. कानावर पांढरी पेन्सिल, टोक जरासं वर. मानेवर केस नेहमीसारखे वेडेवाकडे वाढलेले. बाबा तीस वर्षांचे होते. तिच्यापेक्षा कितीतरी लहान. ती बघत राहिली आणि मग तिने पेनाचं टोपण काढलं.

"थांब गं," मागून आई म्हणाली.

आई मांडीवर पर्स धरून बसली होती. दोघांना वाटलं होतं तिचा डोळा लागला.

"यादी कसली आहे ती?"

"दोषांची, काकू."

"ते कळलं. कोणाच्या नात्याने केली त्यांनी?"

त्याने कागद बघितला. "संकलक म्हणून." आईने तो हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"मग पहिला आकडा त्यांचा नाही," आई म्हणाली. "बाकीचे तेरा बघा, सगळे जोड आहेत, चित्राच्या उड्या आहेत, आवाज मागेपुढे आहे. ते त्यांचं. पेन्सिल नटाच्या अंगावर होती. अंगावर जे जे असतं ते कपडेपटाचं. घड्याळ, अंगठी, चष्मा, बुटाची नाडी. नट उभा राहिला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि मग हो म्हणायचं, हे आमचं काम. त्या दिवशी हो मी म्हटलं."

"आई, पण तुला कुठे दिसली होती..."

"दिसली होती."

यंत्राचा पंखा घरघरत होता.

"पाठीमागे उभी राहून एकोणीस टाचण्या लावल्या मी. कान माझ्या नाकासमोर होता. न दिसायला मी आंधळी होते का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"आई!"

"होत्या. मग संपल्या." आईने पर्सची कडी उघडली आणि परत लावली. "बुवांचा कोट, बुवांचं तेल, केसही बुवांसारखे मागे वळवलेले. स्वतःचं काही राहिलंच नव्हतं त्या माणसात. एवढी एक पेन्सिल तेवढी होती. म्हटलं, असू दे. कोण बघतंय. बाईंचा असा बांध फुटेल हे मला काय ठाऊक! आणि हे त्यावरून जन्मभर स्वतःला सुतार म्हणत राहिले. दर वेळी वाटायचं आज सांगू. पाणी पिऊन येईपर्यंत प्रसंग संपलेला असायचा."

आईने वर्षानुवर्षं हसू दाबलेलं पट्टीने पाहिलं होतं. ते हसू नव्हतंच, हे तिला आत्ता कळत होतं.

"मेला माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन गेला," आई म्हणाली. मग तिने त्या माणसाकडे वळून विचारलं, "माझी चूक काढायची की ठेवायची, ते कोण ठरवणार?"

तो बिचारा गोळी चघळायची विसरला होता. "काकू, नियम असा आहे, ज्याचा विभाग त्याची मंजुरी. पण तुमचं नाव श्रेयनामावलीत..."

"बघा. वेशभूषा सहाय्य. माहेरच्या नावाने आहे. अगदी शेवटी, छत्री भाड्याने देणाऱ्याच्याही खाली."

त्याने सुरुवातीची नावं लावली. ती एकामागून एक वर सरकत गेली. बाईंचं आणि बुवांचं नाव एकाच वेळी, एका उंचीवर, पडद्याच्या दोन टोकांना. पुष्कळ खाली बाबांचं. आणि शेवटी, वाचेपर्यंत निघून जाणाऱ्या बारीक अक्षरांत, आईचं.

"त्या विभागातलं दुसरं कोणी आहे?"

"सगळे गेले. मी आहे."

त्याने नवा कागद काढला. "दोष कायम ठेवायचा असेल तर कारण लिहावं लागतं."

"लिही गं," आई पट्टीला म्हणाली. "तुझं अक्षर बरं आहे. लिही, कपडेपटाची चूक. पाहून केलेली."

तिने लिहिलं. आईने चष्मा लावून ते तपासलं आणि खाली माहेरच्या नावाने सही केली. हात जरा अडला, त्या नावाची सवय मोडली होती. मग पट्टीने बाबांच्या यादीतल्या उरलेल्या तेरा दोषांखाली सही केली, एकही शब्द न बदलता.

नवा सिनेमा दीड महिन्याने दाखवला, रविवारी सकाळी, संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात. निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या होत्या. म्हातारी माणसं होती तशी विशीतली मुलंही होती. आईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि डोळ्यांची तपासणी करून नवा चष्मा करून घेतला होता. पट्टीने डाव्या बाजूची जागा धरली, तिथून पडद्याची ती कड सरळ समोर येत होती. तिने मनातल्या मनात उजळणी करून ठेवली होती. बाई शिट्टी ऐकून वळतात, दोन पावलं पुढे येतात, तिसऱ्या पावलाला खांदा. एकदा वर जातो. डोळे मिटायचे नाहीत.

बुवांनी छत्रीकडे वचन मागितलं. छत्रीने होकार दिला. आईने खाकरून घसा साफ केला. जहाजाची शिट्टी झाली, बाई वळल्या, दोन पावलं पुढे आल्या.

प्रेक्षागृहात कोणी हललं नाही. मागच्या रांगेत कोणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. जहाज सुटलं, धक्का मागे राहिला, आणि बुवा एकटे कठड्याशी उभे दिसू लागले, तेव्हा पट्टीच्या लक्षात आलं की तिचे गाल ओले आहेत आणि ती सबंध वेळ बाईंच्या डोळ्यांकडे बघत होती. तिने चटकन कडेला पाहिलं. तिथे आता नुसता समुद्र होता.

ती आईकडे वाकली. "वर गेला का गं खांदा?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला. "मला विचारू नकोस."

"म्हणजे?"

"माझं लक्षच गेलं नाही," आई पुटपुटली. तिला राग आला होता आणि हसूही येत होतं. "ती बया काय रडते गं! आणि ह्यांनी कापलंय असं, की माणूस दुसरीकडे बघूच शकत नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने, बुवा परतीच्या बोटीवर चढत असताना, आईने अंधारात चाचपून तिचं मनगट धरलं आणि कानाशी येऊन विचारलं, "दुसरा खेळ आहे ना?"

"तीनला."

"मग घरी कशाला जायचं," आई म्हणाली. "इथेच बसू."